'हायवे' आणि आपली रोजची कोंडी

गिरीश कुलकर्णी म्हटलं की 'देऊळ'मधला केश्या आठवतो. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्याच सिनेमाच्या संवादांसाठीही त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आहे, हे किती जणांच्या लक्षात आहे? 'वळू' (२००८), 'विहीर', 'देऊळ' (२०११)... तिन्हींच्या लेखनात हा माणूस आणि दिग्दर्शक उमेश कुलकर्णी.

याच जोडीचा २०१५चा 'हायवे' मात्र कमी बोलला जातो. आपण पिंपरी-चिंचवडकरांनी तर तो बघायलाच हवा. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या गाड्या, एकमेकांना न ओळखणारी माणसं आणि एक्स्प्रेसवेवरची कोंडी. चाकं थांबतात तेव्हा माणसं आतल्या आत चालायला लागतात. कुठे निघालोय, कशासाठी? वेगात असताना हे प्रश्न पडत नाहीत.

एक्स्प्रेसवे आपल्या किवळ्यात संपतो. कोंडी मात्र तिथे संपत नाही. चाकण चौक, तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता... शिफ्ट सुटलेला कामगार कंपनीच्या बसमध्ये ताटकळतो. बातमीत येतं, 'वाहनांच्या लांबच लांब रांगा'. रांगेतला माणूस येतच नाही. त्याची झोप, वाट बघणारं पोर, ठेकेदाराने कापलेला हाफ डे, याचा हिशेब कोण ठेवतो?

सिनेमातली एका दिवसाची कोंडी माणसाला स्वतःत डोकवायला लावते. इथं ती रोजचीच. रोज कोण डोकावणार? माणूस मोबाइलमध्ये डोकं घालतो, नाहीतर हॉर्न दाबतो.

उड्डाणपूल हवेत, रस्ते रुंद हवेत, ही मागणी आहेच. पण नियोजन करताना फक्त गाड्या मोजू नका राव. आत बसलेली माणसंही मोजा.