कौल उलटून बघा

कोकणातलं जुनं घर पाडायला काढलं, की मंगलोरी कौलं उतरवून अंगणात रचून ठेवतात. त्यातलं एखादं उलटून बघा. कारखान्याचं नाव दिसेल, आणि नशीब असेल तर १८६५ हे साल. बासल मिशननं मंगलोरला कौलांचा कारखाना काढला, ते हे वर्ष. तुमचं कौल त्याच वर्षी भाजलेलं असेल असं नाही, पण ते कुठून आलं हे नक्की कळतं.

कोणत्या गलबतातून आलं, कोणत्या बंदरात उतरलं, डोक्यावरून कुणी वाहिलं, हे कौलावर लिहिलेलं नसतं. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ते ठाऊक असतं.

कोकणच्या व्यापाराबद्दल आपण वाचतो ते बरंचसं पाहुण्यांनी लिहिलेलं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याण आणि चौल आहे. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितीन चौलला उतरला, त्यानं लिहून ठेवलं. सतराव्या शतकात राजापूरला इंग्रजांची वखार होती, त्यांची पत्रं आहेत. इथल्या माणसांचं लिखाण मात्र मोडी चोपड्यांमध्ये, माळ्यावर, वाळवीच्या शेजारी.

लोकांच्या घरातून इतिहास गोळा करणं आपल्याला नवीन नाही. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं मिळवत. १८९८पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. आपल्याकडे तर खिशात कॅमेरा आहे.

म्हणून मी एक फॉर्म तयार केला. रकाने चारच : फोटो, गाव, वस्तू कुणाच्या घरातली, आणि माहिती कुणी सांगितली. घरातल्यांनाच आधी दाखवला. एका काकांनी फोन परत हातात दिला आणि म्हणाले, “चोपडीत अर्ध्या गावाची देणी आहेत. त्यांची नातवंडं आजही शेजारी राहतात. हे चव्हाट्यावर मांडणार तू?”

त्यांचं म्हणणं खरं आहे. आपल्यासाठी जो डेटा, तो कुणासाठी आजोबांनी गहाण टाकलेली जमीन असते. त्यामुळे नियम ठरले. मूळ वस्तू घरातच राहील. देणेकऱ्यांची नावं झाकली जातील. कुणी नको म्हटलं, तर फोटो काढून टाकायचा, कारण विचारायचं नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. चोपडी असते सावकाराकडे, व्यापाऱ्याकडे. तांडेल, खलाशी, हमाल, गाडीवान यांच्याकडे कागद नाही. चोपडीत ते दिसले तर मजुरीच्या आकड्यापुरते. नुसते फोटो मागितले, तर इतिहास पुन्हा वाड्यातूनच लिहिला जाईल. म्हणून पाचवा रकाना वाढवला : आवाज. नारळी पौर्णिमेनंतर गलबतं पाण्यात कशी ढकलायचे, काय भरून न्यायचे, परत येताना काय आणायचे, कोण परत आलंच नाही. साल आठवत नसेल तर नसू दे. ‘धाकटीचा जन्म झाला त्या वर्षी’ हेही चालेल.

गणपतीला गावी जालच. पंगत उठली, की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि एवढंच विचारा : तुमच्या लहानपणी मीठ, कापड, कौलं कुठून यायची? रेकॉर्डिंग त्यांना विचारून सुरू करा. मग मध्ये बोलू नका.