कुंपण मागणारा मी

नालासोपारा पूर्वेला, तुळिंजमध्ये राहणाऱ्याला भटक्या कुत्र्यांबद्दल मत असतंच. शेवटच्या लोकलने उतरून पायी घर गाठणाऱ्याचं ते जरा जहालच असतं. माझं होतं. पालिकेच्या अंदाजपत्रकात कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा विषय निघाला की माझं डोकं फिरायचं. नळाला धड पाणी नाही आणि कुत्र्यांची ऑपरेशनं! त्या पैशात शाळांना, मैदानांना कुंपण घाला आणि कुत्री लांब नेऊन सोडा, असं मी सोसायटीच्या सभेत ठासून सांगायचो. माना डोलायच्या. मला बरं वाटायचं.

बोलून थांबलो असतो तर ठीक होतं. आम्ही चौघांनी वर्गणी काढली, एक टेम्पोवाला गाठला आणि गल्लीतली कुत्री रातोरात हायवेपलीकडे सोडायला लावली. त्यात एक म्हातारी पांढरी कुत्री होती. तिच्या कानाला खाच होती. शस्त्रक्रिया झाली, रेबीजची लस टोचली, याची ती खूण. मला ते ठाऊक होतं. तरी टेम्पोचा फाळका मीच लावला. कुत्री जिथून पकडली तिथेच परत सोडायची, हा नियम २००१ पासूनचा. २०२३ च्या नव्या नियमांतही तो राहिला. मला तो शुद्ध मूर्खपणा वाटायचा.

काही दिवस गल्ली शांत होती. कोपऱ्यावरचा कचरा मात्र होता तिथेच होता. त्याच्यामागे नवी कुत्री आली, सगळ्यांचे कान अखंड. त्यातली एक व्याली. पिल्लांजवळून जाणाऱ्या वॉचमनच्या मुलाची पोटरी तिने फोडली.

मीच त्याला रिक्षात घालून पालिकेच्या दवाखान्यात नेलं. जखम साबणाच्या पाण्याने धुऊन झाली. सुई भरता भरता नर्सने विचारलं, "कुत्रं ओळखीचं आहे का? लस दिलेलं? दहा दिवस लक्ष ठेवता येईल त्याच्यावर?" तिचा रोजचा प्रश्न. माझी वाचा बसली. ओळखीचं, लस दिलेलं कुत्रं आमच्या गल्लीत होतं. पदरचे पैसे देऊन मी ते घालवलं होतं आणि त्याची जागा अनोळखी दातांना मोकळी करून दिली होती. मुलाने माझा हात घट्ट धरला होता. त्याच्या आईने नंतर माझे आभार मानले आणि ते मी निमूटपणे घेतले. त्या गप्प बसण्याची लाज मला टेम्पोपेक्षा जास्त वाटते. मुलगा सगळे डोस घेऊन ठणठणीत आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही, हे मी नंतर वाचलं.

आता अंदाजपत्रक वाचताना मी वेगळं बघतो. कुंपण डोळ्यांना दिसतं, त्याचं उद्घाटन करता येतं. निर्बीजीकरण दरवर्षी करावं लागतं, आणि नीट झालं तर दाखवायला काहीच उरत नाही. त्यात खंड पडला की आधीचा खर्च पाण्यात. गोव्याने वर्षानुवर्षं गावोगाव कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून नाव मिळवलं. ते भिंती बांधून झालं नाही.

कुंपण नकोच, असं मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांना कुंपण घालायला सांगितलं. तिथली कुत्री परत तिथे न सोडता निवाऱ्यात ठेवायलाही सांगितलं. म्हणजे कुंपणाच्या पाठोपाठ निवारा, डॉक्टर आणि लस यांचा खर्च आलाच. एकावर पैसे टाकून दुसरं टाळता येणार नाही.

वसई-विरार महापालिकेत २०२० पासून प्रशासक होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने पुन्हा नगरसेवक आले. अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या नगरसेवकाला एवढंच विचारा: कुंपणाला किती, शस्त्रक्रियांना किती, आणि गेल्या वर्षीच्या पैशात किती कानांना खाच पडली? मीही विचारणार आहे. फक्त कुत्री लांब सोडा, असं आता म्हणणार नाही.