अहो, मशीन मी चालवणार आहे!

अमेरिकेतील बफेलो शहर ईरी सरोवराच्या काठी वसले आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचे पाणी अजून कोमट असते. त्यावरून वाहणारा गार वारा वाफ उचलतो आणि काठावर येऊन ती बर्फाच्या रूपात ओततो. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये शहराच्या दक्षिणेकडील उपनगरांत काही दिवसांतच सुमारे 80 इंच बर्फ पडला होता.

अशाच एका उपनगरात मूळचे नाशिकचे एक जोडपे पंचवीस वर्षांपासून राहते. इतकी वर्षे घरासमोरचा बर्फ नवराच फावड्याने काढायचा आणि त्याचा त्याला अभिमानही होता. मागच्या उन्हाळ्यात त्याची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी बजावले, ‘‘यापुढे फावड्याला हात लावायचा नाही.’’ थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्यातच फावडे मारण्याचे श्रम होतात. दुबळ्या हृदयाला ते झेपत नाही. मुलगा दूर कॅलिफोर्नियात. बर्फ काढणारा कंत्राटदार मिळतो, पण तो येणार त्याच्या सवडीने आणि बायकोला तर सकाळी साडेसहाला कामावर निघावे लागते. शेवटी पेट्रोलवर चालणारा मोठा ‘टू स्टेज’ स्नो ब्लोअर घ्यायचे ठरले.

टू स्टेज म्हणजे दोन वेग, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. पुढे गिरमिटासारखे आडवे फिरणारे दातेरी पाते बर्फ फोडून मध्ये ओढते. मागचा पंखा तो नळकांड्यातून लांब फेकतो. असे दोन टप्पे. लहान, एका टप्प्याच्या यंत्रात एकच फिरकी दोन्ही कामे करते. भुसभुशीत बर्फाला ती पुरते. मात्र पालिकेची गाडी रस्ता साफ करताना घराच्या तोंडाशी जो ओला, दगडासारखा ढीग लोटून जाते, त्यापुढे तिची मात्रा चालत नाही.

दुकानात नवऱ्याचा जीव 28 इंची यंत्रावर जडला. विक्रेताही त्याच्याशीच बोलत होता. जणू बायको पडद्याचे कापड पाहायला आली होती!

‘‘रुंदी जास्त, म्हणजे काम लवकर,’’ नवरा म्हणाला.

बायको घरून ड्राइव्हवे मोजूनच आली होती. रुंदी 16 फूट. 24 इंची यंत्राला आठ फेऱ्या, 28 इंचीला सात.

‘‘एका फेरीसाठी एवढं धूड? आणि मागच्या दारच्या फाटकातून ते जाणार कसं? अहो, मशीन मी चालवणार आहे!’’

नवरा गप्प झाला. मग तिने विक्रेत्याला वळवून विचारले, ‘‘हे वळतं कसं?’’ खरे तर दुकानात शिरताच विचारायचा प्रश्न हाच. अशा यंत्राचे वजन शंभर किलोच्या आसपास असते. एका चाकाची ओढ सोडणारी कळ किंवा आपोआप वळण्याची सोय नसेल, तर प्रत्येक फेरीअखेर खांदे भरून येतात. तिने दोन्ही यंत्रे दुकानातच चालवून पाहिली. 28 इंचीचे इंजिन 24 इंचीपेक्षा लहान होते. म्हणजे तोंड मोठे आणि दम कमी. ओल्या ढिगापुढे दमच कामाला येतो. किंमत जवळपास सारखी असूनही तिने 24 इंची निवडले. विजेवर सुरू होण्याची सोय तिने आधी पाहून घेतली, कारण कडाक्याच्या थंडीत दोरी ओढत बसणे तिला नको होते.

घरी आल्यावर नवऱ्याने माहितीपुस्तक मोठ्याने वाचून दाखवले. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू करायचे नाही, विषारी वायू साचतो. नळकांडे तुंबले तर इंजिन बंद करून, सोबतच्या काठीनेच मोकळे करायचे, हात कधीही घालायचा नाही. बंद यंत्रातही पात्यांवर ताण उरलेला असू शकतो आणि दरवर्षी कितीतरी लोक अशीच बोटे गमावतात. पात्यात दगड अडकला तर शिअर पिन मुद्दाम तुटते, म्हणजे गिअर वाचतात. तिथे घरातला कुठलाही बोल्ट ठोकून चालत नाही. तिने दोन जादा पिना मसाल्याच्या रिकाम्या डबीत घालून गॅरेजच्या फळीवर ठेवल्या. त्या डबीवर अजून ‘धणेपूड’ असेच लिहिलेले आहे.

पहिला मोठा बर्फ रात्री पडला. पहाटे पाच वाजता तिने यंत्र बाहेर काढले. तोंडाशी कमरेएवढा ढीग होता. एका दमात घुसायला गेली तेव्हा यंत्र अडखळले. मग वेग कमी करून, थोडा थोडा कुरतडत तिने तो पाऊण तासात संपवला.

आत येऊन पाहते तर नवरा कानटोपी घालून तयार!

‘‘पायऱ्यांवर तुझं मशीन चढत नाही. तेवढ्या तीन पायऱ्या मी करतो.’’

तिने काही न बोलता फावडे त्याच्या हातून घेतले, पायऱ्या साफ केल्या आणि साडेसहाला निघताना ते गाडीच्या डिकीत टाकून सोबत घेऊन गेली.