आग्रा रोडने मऊपर्यंत

मालेगावच्या एका उर्दू शाळेत आम्ही मराठी शिकवतो. दर वर्षी सातवीला 'माझे गाव' हा निबंध असतो आणि दर वर्षी तेच वाचायला मिळते : मोसम नदी, भुईकोट किल्ला, लूमचा आवाज, जुम्याची सुट्टी. गेल्या वर्षी एका मुलीने शेवटी चार ओळी जास्त लिहिल्या होत्या. "माझे मूळ गाव मऊ आहे. ते मी पाहिलेले नाही. अब्बांनीही पाहिलेले नाही. ते कुठे आहे हे घरात कोणाला माहीत नाही." 'मूळ'मधला उकार तिने ऱ्हस्व काढला होता. तेवढा आम्ही लाल पेनने दुरुस्त केला आणि वही मिटली.

वही मिटली, पण ओळी काही मिटल्या नाहीत. कारण आमचेही मूळ गाव मऊच. आमच्या अब्बांनीही ते पाहिले नव्हते. "एकदा जाऊ," असे ते म्हणायचे, आणि आम्ही "हो, सुट्टीत जाऊ," म्हणायचो. तीन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. सुट्ट्या येतच राहिल्या.

मालेगावात मोमिनांची जी वस्ती आहे, तिच्यातली कितीतरी घराणी उत्तरेकडून आली. विलायती गिरण्यांच्या कापडाने तिकडचा हातमाग बसला होता. त्यावर 1857 ची धामधूम आली, मग दुष्काळ. माणसे माग मोडून निघाली. मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडले गेले ते 1870 मध्ये. त्याआधी जे निघाले त्यांना पाय आणि बैलगाडी. आमच्या घरात सांगतात की आमचे लोक आग्रा रोडने आले. तो रस्ता आजही मालेगावातून जातो आणि आजही त्याला आम्ही आग्रा रोडच म्हणतो. रोज शाळेला त्याच रस्त्याने जातो. मग मनात आले, ह्याच रस्त्याने उलटे जाऊन पाहावे.

गाडी आमची साधी, 125 सीसीची, बारा वर्षे वापरलेली. सोबत यायला कोणी मोकळे नव्हते. अम्मीला सांगितले तेव्हा तिने तसबीह थांबवली. "अकेले?" म्हणाली. एकट्या स्वाराने रात्रीचा प्रवास करू नये अशी हदीस आहे, ती तिने आम्हाला ऐकवली. आमच्या घरात 'मैं' कमी आणि 'हम' जास्त. म्हणून आम्ही सहज बोलून गेलो, "हम चले जाएंगे." त्यावर ती म्हणाली, "हम हम करते हो, साथ में कौन है?" शेवटी करार झाला. फजरनंतर निघायचे, मगरिबच्या आत मुक्काम गाठायचा आणि प्रत्येक नमाजेनंतर घरी फोन करायचा.

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. नवी चेन घातली, टायरची हवा पाहिली, एक जादा ट्यूब घेतली. सफरची दुआ पढून मोसम पुलावरून गाडी काढली. गावाची हद्द सुटली की आपण मुसाफिर होतो. हनफी मसलकात सुमारे 78 किलोमीटर किंवा त्याहून लांबचा सफर असला आणि एके ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असला, की चार फर्ज रकातींच्या जागी दोन. धुळे, शिरपूर, मग बिजासनचा घाट चढून सेंधवा. पहिली कसर नमाज आम्ही खलघाटला नर्मदेच्या काठी पढलो. दोन रकातींनंतर सलाम फेरला तेव्हा काहीतरी अर्धवट राहिल्यासारखे वाटले. सवलतीचीही सवय व्हावी लागते.

इंदूर, ब्यावरा, गुना ह्या मार्गाने माळवा ओलांडला. ताशी पन्नास-पंचावन्नच्या पुढे गेलो नाही. दर दीड तासाला थांबायचे, गाडी थंड होऊ द्यायची, आपण चहा घ्यायचा. शिवपुरीला थोडे जास्त थांबलो. 18 एप्रिल 1859 रोजी तात्या टोपे यांना तिथे फाशी दिली. तात्यांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातला, येवल्याचा. तेही विणकरांचे गाव, पैठणीचे. पेशवाई गेल्यावर त्यांचे वडील पेशव्यांबरोबर कानपूरजवळ बिठूरला गेले. म्हणजे येवल्याचे एक कुटुंब उत्तरेला गेले आणि पुढे उत्तरेची कितीतरी कुटुंबे येवल्याच्या शेजारी येऊन राहिली. इतिहासाच्या तासाला हे आम्ही कधी असे एकत्र पाहिले नव्हते.

ग्वाल्हेरला शाह मुहम्मद गौस यांच्या मजारीवर फातेहा पढली. शेजारीच तानसेनची साधी कबर आहे. पुढे मुरैना सोडले की चंबळचे बेहड लागतात, पावसाने कातरून काढलेली मातीची घळ्यांची घळ्या. नदी ओलांडली, धौलपूर गेले, आग्रा आले आणि जमीन सपाट झाली.

सपाट म्हणजे किती, हे आपल्याकडच्या माणसाला सांगून पटणार नाही. मालेगावात कुठेही उभे राहा, कुठला ना कुठला डोंगर दिसतोच. नजर कुठेतरी टेकते. इथे टेकायला काही नाही. फिरोजाबादच्या बांगड्यांच्या हातगाड्या मागे पडल्या आणि मग बटाट्याची शेते, कापणी झालेला भात, आमराया, वीटभट्ट्यांची धुराडी, पुन्हा शेते. दिवसभर चालवले तरी आपण जागेवरच आहोत असे वाटते. दुसऱ्या दिवशी आमच्या लक्षात आले की आपण एवढ्या वेळात एकही दगड पाहिलेला नाही. बांधावर नाही, रस्त्याकडेला नाही, भिंतीत नाही. हिमालयातून नद्यांनी आणून टाकलेला हा गाळ, शेकडो मीटर खोल. म्हणून घर विटेचे, विहीर विटेची, मशीद विटेची. पाणी मात्र हाताशी. मशिदीच्या अंगणात हातपंप, दहा वेळा दांडा मारला की वुजू होतो. आमच्या मोहल्ल्यात नळाची वाट पाहत हंडे लावलेले आठवले आणि प्रश्न पडला : एवढे पाणी आणि एवढी माती सोडून माणूस आमच्या खडकावर का आला असेल? मग स्वतःलाच उत्तर दिले की विणकराचे शेत नसते. त्याचे असते सूत, आणि ते विकले गेले नाही तर चांगली माती त्याच्या काय कामाची?

पाचव्या दिवशी करार मोडला. कानपूर ओलांडून फतेहपूरकडे जाताना असरनंतर मागचे चाक बसले. खिळा होता. जादा ट्यूब होती, पण चाक काढायचा पाना बसेना. ढकलत दोन किलोमीटर गेलो तेव्हा पंक्चरवाला भेटला. त्याचे काम होईतो मगरिब झाली. तिथेच पोते अंथरून नमाज पढलो आणि घरी फोन करून सांगितले की सगळे ठीक आहे. ते पूर्ण खरे नव्हते.

अंधारात पुढच्या गावातला एक लॉज गाठला. समोर किल्ल्या टांगलेल्या दिसत होत्या. मुलाने आधार कार्ड घेतले, नाव वाचले, गाव वाचले आणि कार्ड परत दिले. "कमरा खाली नहीं है." असेलही. लग्नसराई होती, सगळ्या खोल्या आधीच ठरलेल्या असतील. आम्ही कारण विचारले नाही. पण पायऱ्या उतरताना आपण त्या किल्ल्या मनात मोजतो आहोत हे आम्हाला कळले, आणि ते मोजणे आम्हाला आवडले नाही. पुढे ट्रकवाल्यांचा एक ढाबा होता. मालकाने नावही विचारले नाही, गावही विचारले नाही. गाडी आत लावायला सांगितली आणि खाटेवर एक रजाई टाकली. त्या रजाईला डिझेलचा वास होता. झोप मात्र गाढ लागली. सकाळी त्याने खाटेचे पैसे घेतले नाहीत, फक्त चहा आणि पराठ्याचे घेतले.

कानपूरपासून हा जुना ग्रँड ट्रंक रोड. शेरशाह सूरीने तो बांधून काढला आणि वाटेवर सराया उभारल्या, असे आम्ही मुलांना शिकवतो. सराय का लागते, हे त्या रात्रीनंतर जास्त नीट शिकवता येईल. प्रयागराज झाले, बनारस झाले. बनारसला मदनपुऱ्याच्या गल्लीत मागाचा आवाज ऐकला. गाझीपूरवरून सातव्या दिवशी दुपारी आम्ही मऊला पोहोचलो. मीटरवर सुमारे साडेसोळाशे किलोमीटर झाले होते.

खरे सांगायचे तर मऊला पोहोचल्यावर पहिल्यांदा वाटले की आपण फिरून मालेगावातच आलो. तशाच अरुंद गल्ल्या, खालच्या मजल्यावर लूम, वर घर, तीच खटखट. इथे साडी विणतात, एवढाच फरक. अचानक वीज गेली. अख्खी गल्ली एका क्षणात मुकी झाली आणि प्रत्येक दारात बनियनवर एकेक माणूस येऊन उभा राहिला. हे दृश्य आम्ही जन्मापासून पाहत आलो आहोत.

अशाच एका दारात एक बुजुर्ग बसले होते. सलाम करून आम्ही आमची हकीकत सांगितली. त्यांनी बाज सरकवून जागा दिली. म्हणाले, "नाम बताइए, तब न ढूँढें."

आम्ही दादांचे नाव सांगितले. त्यांच्या वडिलांचेही सांगितले. पण ते दोघेही मालेगावचेच. मऊहून जे निघाले, त्यांचे नाव? अब्बांना ते माहीत होते. लहानपणी आम्ही ऐकलेही होते. मोहल्ल्याचे नाव आमच्या घरात तीन जण तीन तऱ्हांनी सांगतात. बुजुर्गांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि हसले. "बेटा, खाली दादा कहोगे तो यहाँ सबके दादा थे."

मग त्यांनी विचारले, तिकडे सूत काय भावाने आहे? मजुरी काय पडते? लूम विकून लोक काय धंदा करतात? तासभर तेच बोलणे झाले. बोलता बोलता ते धोट्याला 'ढरकी' म्हणाले. आमच्याकडे आता सगळे शटल म्हणतात. 'ढरकी' हा शब्द आम्ही फक्त दादीच्या तोंडून ऐकला होता. आणि त्यांची नातवंडे आपसात भांडत होती, "हम पहले, हम पहले." तिथे 'मैं' कोणी म्हणत नव्हते.

चहा आला. "शक्कर जियादा तो न हो गई?" त्यांनी विचारले. "चालेल," आम्ही म्हणालो.

"का कहे?"

आम्हाला एवढ्या लांब येऊन, एवढे उर्दू बोलून, शेवटी तोंडातून 'चालेल'च निघाले होते.

असरची जमात हुकली होती. जवळच्या मशिदीत जाऊन एकट्याने पढली. दोन रकाती पढून सलाम फेरला. मागे बसलेल्या एकाने विचारले, "मुसाफिर हैं?" आम्ही म्हणालो, "जी." हा शब्द उच्चारताना आम्ही थोडे थांबलो. ज्याला घरात तीन पिढ्या मूळ गाव म्हणत आल्या, तिथे शरीयतच्या हिशेबाने आम्ही मुसाफिर होतो. आमचे वतन ते, जिथे अम्मी फोनजवळ बसली होती आणि जिथे अब्बांची कबर आहे. ह्याचे वाईट वाटेल असे वाटले होते. वाटले नाही. वाईट वाटले ते नावाचे.

परत येताना गाडी बनारसला रेल्वेच्या पार्सलमध्ये दिली. टाकीतले पेट्रोल काढून, गोणपाट गुंडाळून. सात दिवसांचा रस्ता एका दिवस-रात्रीत मागे गेला. मनमाडला उतरून गाडी चालू केली. त्या रात्री घरी इशाचे चार फर्ज पढलो, पूर्ण.

शाळा सुरू झाल्यावर फळ्यावर रस्ता काढून दाखवला आणि घरचा अभ्यास दिला : आपल्या अब्बांचे, दादांचे, परदादांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव विचारून लिहून आणा. दादी-नानीकडचीही आणा. बावन्न मुलांपैकी नऊ जणांनी चार पिढ्या आणल्या. आमच्या स्वतःच्या वहीत तीनच आहेत. चौथे नाव आम्ही आता फुफीच्या सासरी, भिवंडीला, विचारत आहोत. वाचकांना एवढीच विनंती, घरात जे बुजुर्ग हयात आहेत त्यांच्याजवळ ह्याच जुम्याला वही घेऊन बसा. मऊ कुठे पळून जात नाही. रस्ताही जात नाही. माणसे जातात.

ती निबंधवाली मुलगी शेवटपर्यंत गप्प होती. तास संपताना तिने हात वर केला. "सर, वहाँ पत्थर नहीं है, तो बच्चे आम कैसे गिराते हैं?"

हे मात्र आम्ही पाहून आलो नाही.