कडक ब, मऊ ब

बाई पहिल्यांदा इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, आणि तोवर लाइपझिगच्या एका शाळेत त्या इंग्रजी शिकवूही लागल्या होत्या. इंग्रज माणसाशी समोरासमोर बोलायच्या आधीच इंग्रजी शिकवायची वेळ आलेली शिक्षकांची एक पिढी पूर्व जर्मनीत होती. बाई त्या पिढीतल्या. आज मी परिषदेत उभी राहून भूजलावर बोलते आणि शेवटच्या रांगेतल्या पोर्तुगीज माणसापर्यंत माझं म्हणणं नीट पोचतं, ते बाईंमुळे. त्यांचं नाव छापायचं नाही, असं त्यांनीच बजावलंय. घरमालकीण म्हणून ओळख झाली तेव्हापासून मी त्यांना मनात ‘बाई’च म्हणत आले, कराडच्या शाळेत शिक्षिकांना म्हणायचो तसं.

बाई मूळच्या रशियनच्या शिक्षिका. पूर्व जर्मनीत रशियन पाचवीपासून सक्तीची होती; इंग्रजी त्यानंतर, दुसरी परकीय भाषा म्हणून, आणि तीही ऐच्छिक. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी लाइपझिगच्या रिंगरोडवर राजवटीविरुद्ध सुमारे सत्तर हजार माणसं उतरली, त्यांत बाई होत्या. पुढच्या ऑक्टोबरात दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि बाईंचे रशियनचे वर्ग ओस पडले. सगळ्या पालकांना आता इंग्रजी हवं होतं. दिवसा शाळा आणि संध्याकाळी इंग्रजीचं प्रशिक्षण, अशा रीतीने सेहेचाळिसाव्या वर्षी त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. पश्चिमेकडच्या जर्मनांनी निदान ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांचं बोलणं ऐकलेलं असायचं. लाइपझिगच्या आसपास सैन्य होतं ते सोव्हिएत. टीव्हीवर इंग्रजी सिनेमा लागला तरी पात्रं बोलायची जर्मन, कारण जर्मनीत परदेशी सिनेमे डब करायची पद्धत आहे, ती आजही आहे. हॉलंडमध्ये, स्वीडनमध्ये, पोर्तुगालमध्ये मूळ आवाज ठेवून खाली अक्षरं देतात. तिथल्या मुलांचे कान इंग्रजीला लहानपणीच सरावतात. बाईंच्या कानांना ती संधी मिळाली नाही. म्हणून त्यांनी तोंडाकडे लक्ष दिलं. आरसा समोर धरून जीभ कुठे लागते, ओठ कधी मिटतात, श्वास कधी सुटतो, हे त्यांनी एकेका ध्वनीसाठी वहीत लिहून काढलं होतं. ती वही मी पाहिली आहे. पुस्तकातून उतरवलेलं तीत काही नाही, सगळं स्वतःच्या तोंडावर तपासलेलं.

त्यात सर्वांत जास्त पानं ‘प’ आणि ‘ट’ यांच्यावर होती. बाई अस्सल सॅक्सन. सॅक्सनीच्या बोलीत ‘प’ आणि ‘ब’, तसंच ‘ट’ आणि ‘ड’, एकमेकांत मिसळून जातात. स्पेलिंग सांगताना तिथली माणसं खरोखरच विचारतात, कडक ब की मऊ ब? बाकीच्या जर्मनीत या बोलीची चेष्टा होते, आणि बाईंनी ती बरीच सोसली होती. त्यामुळे त्यांच्या घरी राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ‘पंप’ म्हटलं आणि प्रयोगशाळेतल्या कुणीतरी तो ‘बंप’ ऐकला, हे मी घरी सांगितल्यावर त्यांना काहीही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी वहीतून कागदाची एक पातळ पट्टी फाडली, माझ्या ओठांसमोर धरली आणि म्हणाल्या, बोल. पट्टी हलली नाही. मग त्यांनी स्वतः उच्चारला. पट्टी फडफडली.

इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’मागे ‘ह’ची झुळूक असते. आपल्याला हा भेद बालवाडीपासून ठाऊक आहे. अल्पप्राण आणि महाप्राण ही नावंसुद्धा व्याकरणाच्या तासाला पाठ केलेली असतात. पण आपण इंग्रजी बोलताना अल्पप्राण ‘प’ वापरतो, कारण देवनागरीत लिहिताना तोच लिहितो. इंग्रज कानाला मात्र झुळकेवाचूनचा ‘प’ बराचसा ‘ब’ वाटतो. हे मला कळलं ते एका सॅक्सन बाईंकडून, कारण त्या उलट्या दिशेने त्याच जागी पोचल्या होत्या. ‘स’ नंतरच्या ‘प’ला मात्र झुळूक नको, हेही त्यांचंच. ‘स्पिन’ म्हणताना पट्टी स्थिर राहायला हवी.

बाईंच्या घरात आम्ही चार-पाच भाडेकरू असायचो, आणि रविवारी सगळ्यांचं जेवण एकत्र. एका रविवारी त्यांनी पट्टी टेबलाभोवती फिरवली. सेव्हिलची मुलगी, ल्योंचा मुलगा, फिनलंडचा एक वयस्क अभियंता आणि मी, चौघांच्याही समोर कागद ढिम्म. स्पॅनिश, फ्रेंच, फिनिश आणि मराठी, चारही भाषांतला ‘प’ झुळकेवाचूनचा. हॅम्बुर्गच्या मुलाने शब्द उच्चारला तेव्हा पट्टी बाईंच्या हातातून उडाली. तो खूश झाला, पण त्याची अडचण शब्दाच्या दुसऱ्या टोकाला होती. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘ड’ ‘ट’ होतो आणि ‘ग’ ‘क’ होतो, म्हणून त्याची ‘बॅग’ नेहमी ‘बॅक’ असायची. तिथे मी त्याला मदत करू शकले. शेवटचा ‘ग’ आपल्याला काहीच कष्ट न घेता येतो. सेव्हिलच्या मुलीच्या तोंडी ‘स्पेन’ ‘एस्पेन’ व्हायचं, कारण स्पॅनिश शब्द ‘स’ला जोडलेल्या व्यंजनाने सुरू होतच नाही, आधी ‘ए’ लागतोच. मला आजी आठवायची. तिचं ‘इस्टेशन’ याच गरजेतून आलेलं होतं.

फिनिश अभियंता कमी बोलायचा, पण त्याच्या इंग्रजीवर मी खूप विचार केला. फिनिश भाषेत आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर. त्याचं प्रत्येक वाक्य त्यामुळे सारख्या पावलांनी चालायचं, कुठेही उसळी नाही. ‘ब’ आणि ‘ग’ त्याच्या मूळ शब्दांत जवळपास नाहीतच, म्हणून त्याची ‘बस’ ‘पस’ व्हायची. तरीही त्याचं बोलणं आम्हां सगळ्यांना कळायचं, आणि हॅम्बुर्गच्या मुलाचं भरभर अमेरिकन वळणाचं इंग्रजी ल्योंच्या मुलाला कळायचं नाही. बाईंनी हे आमच्या लक्षात आणून दिलं नसतं, तर मी अमेरिकन वळण गिरवण्यात दोन-तीन वर्षं घालवली असती. उच्चार पुसून टाकायला शिकवणाऱ्या वर्गांविषयी माझं मत तेव्हापासून वाईट आहे. तिथे माणसाचा वेळ नको त्या गोष्टींवर जातो.

काय हवं आणि काय नको, याची बाईंची निवड पक्की होती. जीभ दातांत धरून काढायचा ‘थ’ त्यांनी मला कधी घोटायला लावला नाही. फ्रेंच माणूस त्या जागी ‘झ’ म्हणतो, जर्मन ‘स’ म्हणतो, मराठी माणूस ‘थ’ म्हणतो, आणि तिघांनाही लोक समजून घेतात. स्वरांची लांबी, शब्दारंभीची झुळूक आणि वाक्यात वजन कुठे पडतं, या तीन गोष्टींवर त्या अडून बसायच्या. पुढे जेनिफर जेनकिन्स यांचं २००० साली आलेलं पुस्तक माझ्या हाती पडलं. मातृभाषा इंग्रजी नसलेली माणसं आपापसांत इंग्रजी बोलतात तेव्हा समजण्यासाठी काय आवश्यक ठरतं, याचा त्यात अभ्यास आहे. त्यातही ही तीनही अंगं महत्त्वाची मानली आहेत आणि ‘थ’ सोडून दिला आहे. बाईंनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. मी त्यांना ती पानं दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली आणि कडेला पेन्सिलीने खुणा केल्या.

वाक्यातल्या वजनासाठी त्यांनी माझ्यावर घेतलेले कष्ट मी विसरू शकत नाही. मराठीत आपण ‘च’ लावतो, ‘तर’ लावतो, शब्द मागेपुढे सरकवतो आणि जोर देतो. आवाजावर फारसं काही सोपवत नाही. इंग्रजीत शब्द जागच्या जागी राहतात आणि जोर आवाजाने द्यावा लागतो. जर्मनमध्येही आवाज बरंचसं हेच काम करतो, त्यामुळे बाईंना ते उपजत होतं. माझ्या पहिल्या परिषदेआधी त्यांनी माझं सगळं भाषण कागदावर मागून घेतलं. आपल्याला भूजलातलं काही कळत नाही, असं म्हणत त्या प्रत्येक वाक्याला विचारायच्या, यात नवीन काय आहे? मी सांगितलं की त्या शब्दाखाली रेघ. विहिरींची संख्या वाढली यात नवीन नाही, खोली वाढली यात आहे. मग आवाज ‘खोली’वर चढला पाहिजे. त्या रेघा मारता मारता माझा विषय मलाच अधिक स्वच्छ दिसायला लागला. या श्रमांसाठी त्यांनी भाड्यात एक युरो वाढवला नाही. मी पैशांचं विचारलं तेव्हा त्या एवढ्या दुखावल्या की पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

जोसेफ कॉनरॅड त्यांचा आवडता लेखक. पोलिश घरात जन्मलेला, फ्रेंच शिकलेला, विशीत इंग्रजीकडे वळलेला आणि इंग्रजीतला मोठा कादंबरीकार झालेला. शेवटपर्यंत त्याच्या बोलण्यात पोलिश वळण ठळक होतं. बाई हे सांगायच्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळायचा.

मी पुण्याला परतल्यावर फोन चालू राहिले. २०२२ च्या वसंतात बाईंच्या घरात खार्किवहून आलेली एक आई आणि तिची मुलगी राहायला आली. तीस वर्षं कुणाला नको असलेली बाईंची रशियन आता दिवसभर कामी येऊ लागली: डॉक्टरकडे, शाळेत, सरकारी कचेरीत. मुलीला नव्या शाळेत इंग्रजीही होतं आणि ती वर्गाच्या मागे पडली होती. एका संध्याकाळी बाईंनी व्हिडिओ कॉल लावला, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आवाजात उत्साह मावत नव्हता. रशियन बोलणारा माणूस इंग्रजी ‘ह’च्या जागी घशातला ‘ख’ काढतो, म्हणून त्या मुलीसाठी तीच तयारी करून बसल्या होत्या. पण युक्रेनियनमध्ये घोष ‘ह’ आहे आणि मुलगी ‘हाउस’, ‘हँड’ त्याच ‘ह’ने म्हणत होती. बाईंनी तो ‘ह’ ओळखला होता. त्यांनी मला ‘हात’ म्हणायला लावलं, ‘हवा’ म्हणायला लावलं, मग मुलीला डोंगरासाठीचा तिचा शब्द म्हणायला सांगितला. ‘होरा’, ती म्हणाली. आमचे ‘ह’ एकच होते. मुलगी हसली, मग मोठ्याने आणखी दोनदा म्हणाली. याला हात लावायचा नाही, असं बाईंनी तिच्या आईला रशियनमध्ये सांगितलं, मला थांबायला सांगितलं आणि पुढचा शब्द घेतला: पेन्सिल.