आत्याची पेटी पाणी का ओकायची?

मुलांनो, भांडी घासायचं मशीन तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी आहे? शहरातल्या काहींनी हात वर केला असेल आणि खेड्यातली मुलं हसली असतील. खेड्यात कशाला हवं असलं मशीन, असंच ना? पण मी ज्याची गोष्ट सांगणार आहे ते डिशवॉशर किल्लारीत आहे. लातूर जिल्हा, औसा तालुका. माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात ते ओट्याशेजारी उभं आहे आणि घरात त्याला सगळे ‘पेटी’ म्हणतात.

किल्लारी म्हटलं की तुमच्या आईबाबांना भूकंप आठवेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आत्या वाचली. तिच्या उजव्या कोपरावर मात्र भिंतीतला दगड पडला होता. हाड जुळलं, पण हात पहिल्यासारखा वळेना. पोळी लाटता येते, घासणी गोल गोल फिरवता येत नाही. इतकी वर्षं तिनं डाव्या हातानं भांडी घासली. आता वय झालं, डावा खांदाही कुरकुरायला लागला. म्हणून पुण्याला असलेल्या तिच्या लेकानं आपलं जुनं मशीन टेम्पोत घालून पाठवून दिलं.

हे यंत्र काही आजकालचं नाही बरं का! अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रन नावाच्या बाईंनी १८८६ साली त्याचं पेटंट घेतलं. नोकरांच्या हातून आपल्या किमती बश्यांचे टवके उडतात, ही त्यांची तक्रार होती. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं मांडली होती. त्याच वर्षी, त्याच शहरात, स्वामी विवेकानंदांचं ते प्रसिद्ध भाषण झालं.

तर पेटी आली. गावातल्या नळ जोडणाऱ्यानं ती जोडून दिली. आणि चौथ्या दिवसापासून ती पाणी ओकायला लागली.

म्हणजे कसं, तर बटण दाबलं की मशीन आधी थोडा वेळ घुरघुरायचं, मग आत पाणी घ्यायचं. पण पाणी आत टिकायचंच नाही. इकडून आलं की तिकडून पाइपानं मोरीत. मशीन पुन्हा पाणी घ्यायचं, पुन्हा मोरीत. शेवटी पीऽ पीऽ करून बंद पडायचं. भांडी खरकटी ती खरकटीच. आत्याचा नातू आठवीत आहे. त्यानं पाइपाखाली पंधरा लिटरची बादली धरली. अर्ध्या तासात ती तीनदा भरली. एवढ्या पाण्यात खरं म्हणजे तीन वेळची भांडी निघायला हवीत!

पाण्याचं आमच्या भागात काय मोल आहे, हे वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळा तोंडावर आला की अजूनही आत्याचं लक्ष टाकीच्या झाकणावर असतं. तिनं मला फोन केला, “लेकरा, येत्या आइतवारपर्यंत बग. न्हाई जमलं तर मी ह्या पेटीत ज्वारी भरते.”

आत्या ज्वारी भरली असती, यात मला शंका नव्हती. आणि मग पुन्हा डाव्या हातानं घासत बसली असती.

दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्यानं तिकडूनच सांगितलं, “पंप गेलाय, नवा टाकावा लागेल, आठ दिवसांनी येतो.” न बघता पंप गेल्याचं कसं कळतं, हे मला अजून उमगलेलं नाही. मी शनिवारी किल्लारीला गेलो आणि नातू व मी, दोघं कामाला लागलो.

आधी ऐकायचं ठरवलं. मशीनमधलं घाण पाणी बाहेर ढकलायला एक छोटा पंप असतो, तो चालला की गुणगुणतो. नातवानं मशीनला कान लावला. मोरीत धार चालू होती आणि आत मात्र सामसूम! पंप काम करत नसताना पाणी बाहेर जात होतं. मग पंप बदलून काय होणार होतं?

दुसरा संशय पाणी आत घेणाऱ्या झडपेवर. बोअरच्या पाण्यातली बारीक वाळू या झडपेत अडकली की ती नीट मिटत नाही आणि मशीन बंद असतानाही पाणी आत झिरपत राहतं. आम्ही मशीन बंद केलं, नळ चालू ठेवला, दार उघडून तळ फडक्यानं पुसला आणि जेवायला बसलो. जेवण होईपर्यंत तळ कोरडाच. झडप निर्दोष सुटली.

तिसरी गोष्ट मला फार आवडली. मशीनच्या पोटाखाली एक पसरट तबक असतं आणि त्यात एक तरंगता ठोकळा. कुठे गळती होऊन तबकात पाणी साचलं की ठोकळा वर उचलला जातो, आणि मशीनला वाटतं घरात पूर आला! मग ते पंप चालू करतं आणि थांबतच नाही. कुणी साधी कपड्याची पावडर घातली तर फेस उतू जाऊन तबकात उतरतो, तेव्हाही हेच होतं. आम्ही आधी प्लग काढला, मग मशीन पुढे ओढून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. (हे काम मोठ्या माणसाशिवाय करायचं नाही. पाणी आणि वीज एकत्र असतात तिथं हुशारी चालत नाही.) तबक कोरडं ठणठणीत होतं.

तेवढ्यात नातवानं बादलीत बोट बुडवून वास घेतला. “मामा, हे पाणी चांगलं आहे की! ना खरकट्याचा वास, ना साबणाचा.” म्हणजे पाणी भांड्यांना शिवतही नव्हतं. आल्या पावली परत चाललं होतं. आता उरला होता फक्त बाहेरचा पाइप.

तो पाइप मशीनच्या मागून निघून थोडा वर चढत होता आणि मग खाली उतरून थेट मोरीच्या भोकात गेला होता. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसवलं, तेव्हा जमिनीच्या मानानं २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली होती. आत्याचं घर ४५० फुटांचं. त्यात मोरी आहे, पण भांड्यांचं मशीन येईल हे तेव्हा कुणाच्या मनात असणार? मोरी स्वयंपाकघराच्या फरशीपेक्षा चांगली वीतभर खाली आहे. शिवाय झुरळं येऊ नयेत म्हणून पाइपाभोवती चिंध्या ठासून बसवल्या होत्या.

तुम्ही वासुदेवाचा प्याला पाहिला आहे का? प्याल्यात बाळकृष्णाला घेतलेल्या वासुदेवाची मूर्ती असते. पाणी ओतत जावं, यमुनेला पूर येतो. कृष्णाच्या पायाला पाणी लागलं रे लागलं, की सगळा पूर प्याल्याच्या बुडातून वाहून जातो. जादू मूर्तीच्या पोटात असते. तिथं एक वाकडी नळी लपवलेली असते. तिचं आखूड टोक प्याल्याच्या तळाशी उघडतं, बाक कृष्णाच्या पायाच्या उंचीवर असतो आणि लांब टोक बुडातून बाहेर पडतं. एकदा बाक पाण्यानं भरला की लांब बाजूचं जड पाणी खाली उतरतं आणि त्याच्यामागे प्याल्यातलं पाणी हवेच्या दाबानं बाकावरून ढकललं जातं. याला सायफन म्हणतात. ग्रीक लोक अशाच प्याल्याला पायथागोरसचा प्याला म्हणत.

आत्याची पेटी हाच प्याला झाली होती! सुरुवातीला पंप घुरघुरून पाइप पाण्यानं भरायचा आणि थांबायचा. पण पाइपाचं तोंड मशीनमधल्या पाण्यापेक्षा खाली, आणि चिंध्यांमुळे हवा शिरायला जागा नाही. म्हणून पंप थांबला तरी धार चालूच.

मी मशीन सुरू केलं. धार लागली. नातवानं चिंध्या उपसल्या, पाइपाचं टोक बाहेर काढून कमरेएवढं वर धरलं. धार थांबली. खाली केलं, पुन्हा लागली. वर केलं, थांबली. हा खेळ त्यानं चार वेळा केला, शेवटी आत्या ओरडली, “आरं, पाणी हाय का काय ते!”

रविवारी सकाळी आम्ही भिंतीला दोन फूट उंचीवर खुंटी ठोकली आणि पाइप तिच्यावरून नेला. एवढं चढवायला पंपाला काही वाटत नाही. पुढचं टोक एका जाड उभ्या नळात सैल सोडलं, आजूबाजूनं हवा जाईल असं. मग दोन वेळची भांडी लावली. बादलीत पाणी मोजलं, चौदा लिटर.

“बघा आत्या, पाणी वाचलं,” मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. ती दोन घमेली घेऊन बसायची तेव्हा तेवढ्याच पाण्यात भांडी निघायची. मशीन पाणी वाचवतं असं जाहिराती सांगतात, ते नळ सोडून भांडी धुणाऱ्यांशी तुलना करून. किल्लारीत नळ सोडून भांडी कोण धुतंय? पाणी सारखंच लागतं, फक्त हात दुखत नाही, असा हिशेब तिनं मांडला आणि पेटीला राहायची परवानगी दिली. ज्वारी जुन्याच कोठीत राहिली.

वापरलेलं पाणी आता ती बादलीत धरते आणि संडास धुवायला वापरते. कढीपत्त्याला घालू देत नाही, कारण मशीनची पावडर खारट नि तिखट असते, झाडाला सोसत नाही.

स्टीलच्या पेल्यांवर पांढरे डाग मात्र अजून राहतात. ते बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे. त्यासाठी मशीनच्या तळाशी वेगळं मीठ भरायची एक जागा असते. ते कधी, किती भरायचं याची वही नातवानं घातली आहे आणि दर आठवड्याला एक पेला उजेडात धरून तो डाग मोजतो.