विनामूल्य वस्तूचें मूल्य

बाजारांत फुकट असें कांहींच मिळत नाहीं, हें वडीलधाऱ्या माणसांचें म्हणणें तुम्हीं पुष्कळदां ऐकलें असेल. पालघरच्या बाजारांत भाजीवालीनें कोथिंबिरीच्या चार काड्या वर घातल्या, तरी त्यांचा हिशेब तिनें भाजींतच धरलेला असतो. मग छायाचित्रें, गाणीं आणि चित्रफिती रात्रंदिवस पुरविणाऱ्या इन्स्टाग्राम, यूट्यूब यांसारख्या कंपन्या आपणांकडून एक पैसाही कां बरें घेत नाहींत? एका विद्यार्थिनीमुळें हा प्रश्न मला टाळतां येईनासा झाला.

ती बोइसरहून येणारी, दहावींतली, अभ्यासू मुलगी. चेहऱ्यावर मुरमें आलीं म्हणून ती मनांतून खिन्न होती. पण घरीं किंवा मैत्रिणींपाशीं त्याविषयीं अवाक्षरही बोलली नव्हती. रात्रीं सर्व निजल्यावर आईच्या मोबाईलवर तिनें उपाय शोधले, आणि दुसऱ्या दिवसापासून चेहरा उजळविणाऱ्या मलमांच्या जाहिराती तिच्यापुढें येऊं लागल्या. पुढें वजन घटविण्याचीं चूर्णेंही आलीं. “बाई, मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मग याला कसं कळलं?” असें तिनें मला विचारलें. तिच्या स्वरांत कुतूहलापेक्षां लाजच अधिक होती. जें दुःख तिनें आईपासून लपविलें, तें एका अनोळखी विक्रेत्याच्या उपयोगी पडलें होतें.

याचें उत्तर जादूंत नसून हिशेबांत आहे. आपण काय शोधतों, कोणत्या चित्रापाशीं किती वेळ थबकतों, कितीपर्यंत जागतों, कोठें असतों, या सर्वांची नोंद होत असते. त्या नोंदींवरून आपलें वय, आवड आणि उणीव यांचा अंदाज बांधला जातो. आपण एखादें पान उघडतों त्याच क्षणीं तेथील जाहिरातीच्या जागेसाठीं यंत्रांमध्यें लिलाव होतो, आणि डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं तो संपतोही. आपल्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो तो सर्वांदेखत. येथें मात्र ज्याच्या लक्षाचा लिलाव होतो, त्यालाच त्याचा पत्ता नसतो.

या व्यापाराची झेप कोठवर जाऊं शकते, हें २०१७ सालीं दिसून आलें. ‘द ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्रानें फेसबुकचा एक अंतर्गत कागद त्या वर्षीं उजेडांत आणला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील तरुण मुलें कोणत्या घटकेस स्वतःस निरुपयोगी, चिंताग्रस्त वा पराभूत मानतात, हें ताडतां येतें, असें त्यांत म्हटलें होतें. भावनेवरून गिऱ्हाईक हेरण्याचें साधन आपण जाहिरातदारांस देत नाहीं, असा खुलासा कंपनीनें केला. तो खरा मानला, तरी मुलांची दुबळी घटका शोधण्याचा प्रयत्न झाला होता, एवढें उरतेंच.

हें केवळ करमणुकीच्या साधनांपुरतें आहे, असेंही नाहीं. टाळेबंदीच्या काळांत पुष्कळ मुलांनीं ‘दीक्षा’ ॲपवर धडे पाहिले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनें २०२२ सालीं ४९ देशांच्या सरकारांनीं पुरस्कारलेलीं शैक्षणिक साधनें तपासलीं, तेव्हां दहांपैकीं जवळजवळ नऊ साधनें मुलांच्या खाजगीपणास बाधक आढळलीं. आणि मुलाचें नेमकें ठिकाण टिपण्याची सोय ‘दीक्षे’तही दिसून आली.

आपल्या देशांत या बाबतींत कांहींच झालें नाहीं, असें मात्र नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती करण्यास मनाई आहे. पालकांची संमति आवश्यक आहे. आणि उल्लंघनास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले, व या तरतुदी लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेविली आहे.

परंतु कायदा मुलाला ओळखील, तरच त्याचें रक्षण करील. आपलीं मुलें खातें उघडतांना खोटें जन्मवर्ष लिहितात आणि बाराव्या वर्षींच वीस वर्षांचीं होतात. शिवाय तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणाऱ्या अनेक कामगारांच्या घरीं एकच मोबाईल तिघांचौघांच्या हातीं फिरतो. त्या यंत्राला वापरणारा प्रौढच वाटतो, आणि प्रौढांसाठींच्या कर्जाच्या जाहिराती सातवींतल्या मुलापुढें येऊन पडतात. म्हणून विद्यार्थ्यांनीं जन्मतारीख खरी लिहावी. येथें सत्य हें नुसतें शोभेचें नसून ढालीसारखें उपयोगी आहे. ज्या ॲपला आपलें ठिकाण कळण्याचें कारण नाहीं, त्याची ती परवानगी बंद करावी.

पालकांस एवढीच विनंती, कीं मोबाईल हिसकावून घेण्यापूर्वीं मुलाजवळ घटकाभर बसावें आणि त्याच्यापुढें कोणत्या जाहिराती येतात तें न रागावतां पाहावें. त्या जाहिरातींत त्याच्या मनांतली एखादी न बोललेली चिंता आपणांस दिसेल. ती ओळखून तिचा पैसा करणारे पुष्कळ आहेत. ती ओळखून मुलाच्या पाठीवर हात ठेवणारें घरांतलेंच कोणी हवें.